कलावंत घरी नाहीत

एखाद्या कलावंताचं काम मनात भरलं की तो ते करायला बसायचा कुठे, हे बघून यावंसं वाटतं. हा रोग मला फार जुना आहे. चारचौघं चित्र बघतात, 'वा' म्हणतात आणि घरी जाऊन जेवतात. मला त्या माणसाची खिडकी बघायची असते. उजेड कुठल्या अंगाने यायचा, पाण्याचा तांब्या कुठे असायचा, आणि मुख्य म्हणजे घरची मंडळी त्याला सुखाने काम करू द्यायची की मधेच नारळ सोलायला उठवायची, याची उत्सुकता मला चित्रापेक्षा कणभर जास्तच.

या रोगापायी मी सासवण्याला जाऊन आलो. अलिबागजवळचं हे गाव शिल्पकार वि. पां. करमरकरांचं. पुण्यातला १९२८ सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनी घडवला. त्यांच्या घराचं आता शिल्पालय झालं आहे आणि तिथली सिमेंटची म्हैस इतकी खरी आहे की पाऊल टाकण्यापूर्वी माणूस सवयीने खाली बघतो. मालगुंडला केशवसुतांचं घर तर आमच्या अंगणातच म्हणायचं, तिथे पाहुण्यांना घेऊन जाणं ही मी स्वतःवर लादून घेतलेली नोकरी आहे. मळवलीलाही गेलो. राजा रवि वर्मांनी १८९४ साली मुंबईत काढलेला छापखाना पुढे प्लेगच्या धामधुमीत तिथे हलला, आणि कितीतरी देवघरांतल्या लक्ष्मी-सरस्वती तिथूनच छापून घरोघर गेल्या. स्टेशनवर उतरून मी ज्याला त्याला छापखाना विचारला. ज्याने त्याने मला भाज्याच्या लेण्यांची वाट दाखवली. छापखाना १९७२ च्या आगीत गेला हे मला ठाऊक होतं, पण रोग्याला पथ्य सांगून उपयोग नसतो.

आणि जिथे वास्तू शिल्लक असते, तिथे ती इतकी झाडून-पुसून ठेवलेली असते की इथे कुणी काम करत होतं यावर विश्वास बसू नये. चष्मा काचेच्या पेटीत, दौत काचेच्या पेटीत, खुर्चीला दोरी बांधलेली. हयातीत त्या माणसाला खुर्चीवर साठलेले कागद उचलल्याशिवाय बसता येत नसणार आणि आता तिथे कागदाचा कपटा नाही. मला बघायचा होता सोडून दिलेला स्टुडिओ. कलावंत काम टाकून उठला, परत आलाच नाही आणि मागाहून कुणी आवरलंही नाही, असा. तो मला घरापासून तासाभराच्या अंतरावर मिळाला. कलावंत उठून गेल्याला फक्त दहा-बारा हजार वर्षं झाली असावीत.

रत्नागिरीचा सडा ज्याने पाहिलेला नाही, त्याला तो समजावून सांगणं कठीण आहे. खाली खाडी, माडांची दाटी, भाताचे तुकडे, घरांची कौलं. चढण चढून वर आलं की एकदम सगळं संपतं आणि जांभ्याचा काळपट कातळ क्षितिजापर्यंत पसरलेला दिसतो. झाड असलंच तर कंबरेएवढं. पावसाळ्यात इथे हातभर गवत आणि बोटभर फुलं येतात. दीपकाडीची पांढरी फुलं बघायला तर लांबून माणसं येतात. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं आणि शिमग्यापर्यंत कातळ पुन्हा उघडा. आमच्या लहानपणी 'सड्यावर गेलाय' याचा अर्थ 'कामाचं काही करत नाहीये' असा होता. या निकामी समजलेल्या कातळावर कुणीतरी हत्ती, वाघ, गेंडे, मासे, माणसं आणि अर्थ न लागणाऱ्या चौकटी खोदून ठेवल्या आहेत. त्याही एखाददुसऱ्या नव्हेत. आतापर्यंत सत्तरहून अधिक ठिकाणी दीड हजाराच्या वर आकृत्या नोंदल्या गेल्या आहेत.

त्या शोधल्या कुणी, याची गोष्ट मला फार आवडते, कारण तीत रत्नागिरीचा स्वभाव आहे. सुधीर रिसबूड पेशाने अभियंते. ते आणि त्यांचे सहकारी सुट्टीच्या दिवशी सडे पालथे घालू लागले. २०१२ च्या सुमारास त्यांचं हे वेड पद्धतशीर झालं. गुराख्यांना विचारायचं, ग्रामपंचायतीत विचारायचं. पुढे त्यांनी शाळांना कामाला लावलं. मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारून यायचं, की आपल्या गावच्या कातळावर काही चित्रं आहेत का. दिलेल्या गृहपाठाचा जगाला उपयोग झाल्याचं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण. २०२२ साली यातली सात ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेली. रत्नागिरीत त्या बातमीवर पहिली प्रतिक्रिया काय उमटली, तर "ते आमच्या मामांच्या सड्यावरचं? ते आम्हाला आधीच ठाऊक होतं."

माझा आवडता कलावंत कशेळीचा. त्याला तसं ठरवायला माझ्याकडे पुरावा काही नाही. पण करमरकरांच्या म्हशीवरून करमरकर आवडतात, तसा मला हत्तीवरून हा आवडतो. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, मुचकुंदीची खाडी, गावखडी अशा रस्त्याने गेलं की कशेळी येतं. लोक तिथे जातात ते कनकादित्याच्या दर्शनाला. आम्ही देवाला नमस्कार करून सड्याकडे वळलो. बरोबर आमचे एक मित्र होते. ते शाळेत चित्रकला शिकवतात, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणतात. आयुष्यभर आठवीच्या मुलांचे हत्ती तपासलेला माणूस बरोबर असावा, असा माझा हिशेब.

वाटेत गुरांमागे एक आजोबा भेटले. डोक्याला टॉवेल, हातात काठी.

"काय पावनं, कुटं चाल्लाव?"

"हत्ती बघायला, आजोबा."

"एवड्या उनात?" त्यांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत बघितलं. "हत्ती काय पळून जातुय व्हय? चार वाजंस्तवर थांबा. आता न्हाय दिसायचा."

आम्ही शहाणे. तसेच पुढे गेलो आणि आम्हाला हत्ती दिसला नाही. म्हणजे तो समोरच होता, पायाशी. पण भर दुपारी डोक्यावरचं ऊन पडलं की खोदलेल्या रेघेच्या आत सावली पडत नाही आणि सगळा कातळ एकसारखा भाजलेला दिसतो. रेघेची खोली ती काय, बोटा-दोन बोटांची. तिरप्या उन्हाने तिच्या एका काठाची सावली आत पडली तरच ती डोळ्यांना सापडते. आजोबांना हे कुठल्याही प्रकाशयोजनेच्या पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. परत येऊन आम्ही त्यांच्याशेजारी काजूच्या झुडपाखाली बसलो. हे कुणी काढलं, असं मी विचारलं. "पांडवांनी काढलानी," ते म्हणाले, "एका रातीत." मला या उत्तराचं कधी हसू येत नाही. महाराष्ट्रात जिथे जिथे दगडाचं अवजड, अवघड आणि बिनमजुरीचं काम दिसतं, ते सगळं पांडवांच्या नावावर आहे. वनवासाची बारा वर्षं त्यांना कशीबशी पुरली असतील. मग आजोबा जरा थांबून म्हणाले, "मानसाचं काम वाटत न्हाय. मानूस एवडा वेळ कुनासाटी घालवंल?"

चार वाजता हत्ती आला. ऊन कलू लागलं तशी आधी एक वळलेली रेघ उजळली, मग तिला लागून दुसरी, मग आतले लहान प्राणी एकेक करून वर आले. अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद. म्हणजे अडीच हजार चौरस फुटांचा हत्ती. रत्नागिरीतला बिल्डर तेवढ्यात मजल्यावर चार फ्लॅट बसवील आणि जिन्याखाली दुकान काढील. त्याच्या अंगाच्या आत सत्तरेक आकृत्या आहेत. आम्ही चपला काढून, रेघा चुकवत, पावलं मोजून टाकत फिरलो. आणि तेव्हा मास्तरांनी तो प्रश्न विचारला ज्याच्यामुळे पुढे कित्येक दिवस माझी झोप उडाली.

"हा हत्ती पूर्ण दिसतोय कुठून?"

कुठूनच नाही. चारही बाजूंना फिरून आलो. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक कातळाला चिकटून सपाट होतं. सोंड बघावी तर पाठ हरवते. जवळ टेकडी नाही, उंच झाड नाही, चढून बसावं असा धोंडाही नाही. शेवटी मास्तरांनी खिशातून फोन काढून ड्रोनने टिपलेला फोटो उघडला, आणि दोन प्रौढ माणसं प्रत्यक्ष हत्तीच्या कानाशी उभी राहून चार इंचाच्या काचेत हत्ती बघू लागली. गुरं पांगली म्हणून आजोबा उठून आले होते. त्यांनी आमच्या खांद्यावरून डोकावलं आणि "हा, ह्यो बराय" असं म्हणून फोनमधल्या हत्तीला पसंती दिली.

म्हणजे ज्याने हा काढला त्याने तो कधी पाहिलाच नाही. आमच्या घरी दिवाळीत दाराशी हात-दीड हाताची रांगोळी निघते, तीसुद्धा ठिपके मोजून, तरी चौथा कोपरा तुळशीकडे सरकतो आणि मग 'पाट नीट नव्हता' असं ठरतं. इथे साठ फुटांत ठिपके नाहीत, कागद नाही, मागे सरकून डोळे बारीक करून बघायची सोय नाही. आणि तरीही हत्तीचा तोल गेलेला नाही. पेरूच्या वाळवंटातल्या नाझ्काच्या रेघाही अशाच आभाळातून बघायच्या, पण तिथे निदान वरचे खडे बाजूला सारून खालची फिकट जमीन उघडी करायची होती, आणि पाऊस तर तिथे जवळपास नाहीच. आमच्या माणसाने जांभ्याच्या टणक कवचात खोदलं, आणि तेही वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस जिथे कोसळतो तिथे. भीमबेटकाच्या चित्रकारांना डोक्यावर खडकाचं छप्पर तरी होतं. लास्कोच्या गुहेत तर इतका बंदोबस्त की १९४० साली सापडलेली ती चित्रं माणसांच्या श्वासाने बिघडू लागली म्हणून १९६३ साली गुहाच बंद केली. कशेळीच्या चित्रावर दर मृगाला आभाळ फुटतं, गुरं चालतात, आणि ते काही बिघडून घेत नाही.

मास्तरांचं म्हणणं, त्याने आधी आतले लहान प्राणी काढले आणि मग सगळ्यांना मिळून हत्तीत घेतलं. माझं म्हणणं उलट. आधी हत्ती, मग मोकळं पोट बघून पुढच्यांना राहवलं नाही. यावर आमचा चांगलाच वाद झाला, कारण दोघांकडेही पुरावा नव्हता. पण रेघेच्या कडेकडेने चालताना मला एक वाटलं, ते मास्तरांनीही मान्य केलं. ही रेघ हाताने काढलेली नसावी, पायांनी काढलेली असावी. तो चालत गेला असणार. इथे पाठ, इतकी पावलं. इथे उतार, इथे मागचा पाय. हत्ती त्याच्या डोळ्यांत नव्हता, पोटऱ्यांत होता. मागाहून वाकून खोदणं ही मजुरी. चित्र चालून झालं होतं.

ती मजुरी किती, याचा अंदाज घ्यायचं मी ठरवलं. आमच्या परसात कंपाउंड बांधून उरलेला एक चिरा पडून आहे. भाट्याच्या किनाऱ्यावरून एक हाताला बसणारा टणक गोटा आणला आणि बायकोला सांगून (सांगितलेलं बरं असतं) बसलो खोदायला. वास्तविक खाणीतून नुकता काढलेला जांभा त्या मानाने मऊ, वारा लागल्यावर कडक होणारा. माझा चिरा बरीच वर्षं वारा खाल्लेला. कातळाच्या वरच्या कवचाने तर युगानुयुगं खाल्लेला. अर्ध्या तासात माझ्या तळहाताला फोड आला आणि चिऱ्यावर एक फिकट ओरखडा उमटला, जो हत्तीच्या शेपटीचा केस म्हणून खपला असता. शेजारच्या काकू कुंपणावरून बराच वेळ बघत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, पाटा टाकवायचा असेल तर माणूस येतो हो आमच्याकडे."

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की तो एकटा असणं शक्य नाही. सड्यावर दिवाळीनंतर पाणी राहत नाही. डबकी आटतात. पावसात खोदता येत नाही आणि वैशाखात कातळाला पाय लावता येत नाही. राहिले हिवाळ्याचे तीन-चार महिने. त्यात कुणीतरी खालून पाणी आणत असणार, कुणीतरी बोथट झालेले दगड बदलून देत असणार, कुणीतरी शिकार करून त्याच्या वाटणीचं मांस बाजूला काढत असणार. या चित्रांत शेतीची खूण कुठे नाही, म्हणून ती शिकार करून, कंदमुळं गोळा करून राहणाऱ्यांची असावीत, असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे रोजचं पोट रोज भरायचं. आणि अशा लोकांनी आपल्यातल्या काहींना सांगितलं असणार, की जा, तुम्ही हत्ती काढा, आम्ही बघतो बाकीचं. माझ्या माहितीतल्या कुठल्याही कलावंताला त्याच्या घरच्यांनी इतकं स्पष्ट कधी सांगितलेलं नाही.

आणि आणखी एक माणूस तिथे नक्की होता. पुरातत्त्व खातं त्याचा पुरावा देऊ शकणार नाही, पण रत्नागिरीत जन्मलेल्या कुणालाही तो लागणार नाही. कमरेवर हात ठेवून उभा असलेला, स्वतः काही न करणारा, आणि सगळं खोदून झाल्यावर "सोंड जरा आखूड झाल्यासारखी वाटत्ये" असं म्हणून निघून जाणारा. हा माणूस आमच्याकडे फार प्राचीन आहे. काही ठिकाणी एकाच आकृतीवर दुसरी रेघ गेलेली दिसते ना, ती मला त्याच्या सूचनेवरून केलेली दुरुस्ती वाटते.

कातळावरच्या काही प्राण्यांनी अभ्यासकांना कोड्यात टाकलं आहे. गेंडा आहे, पाणघोडा आहे. आज रत्नागिरीत गेंडा बघायचा तर पाठ्यपुस्तक उघडावं लागतं. पण पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळियांना गुजरातेत लांघणजच्या उत्खननात गेंड्याचं खांद्याचं हाड मिळालं होतं, आणि पाणघोड्याचे जीवाश्म नर्मदेच्या खोऱ्यात मिळाले आहेत. तेव्हा हे प्राणी ऐकीव नसावेत. एकतर इथलं पाणी-गवत तेव्हा वेगळं होतं, नाहीतर कलावंत बराच हिंडलेला होता. मला दुसरी शक्यता आवडते, पण तिला आधार एवढाच की मला ती आवडते. समुद्रातल्या प्राण्यांच्या बाबतीत मात्र शंकेला जागाच नाही. मुशी आहे, देवमासा आहे, कासव आहे. हिमयुग सरत असताना समुद्र खूप खाली होता, म्हणजे किनारा आजच्यापेक्षा बराच पश्चिमेला. तेवढं चालून जाऊन, मासा नीट बघून, परत सड्यावर येऊन तो खोदणारा माणूस परका असूच शकत नाही.

त्यानंतर मी आणखीही स्टुडिओ धुंडाळले. देवाचे गोठणेला कातळावर एक आडवा माणूस आहे आणि त्याच्यापाशी होकायंत्राची सुई दिशा चुकते. खडकातल्या चुंबकत्वाचा हा प्रताप. फोनमधलं होकायंत्र तिथे धरून मी उत्तरेचा बराच पाठलाग केला. बारसूला माणसाच्या दोन अंगांना दोन वाघ आहेत, सिंधू संस्कृतीच्या मुद्रांची आठवण करून देणारे. २०२३ च्या एप्रिलात त्याच सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, आंदोलन झालं, पोलीस आले, आणि बारसूचं नाव महाराष्ट्रभर झालं. वाघांना कुणी काही विचारलं नाही.

उक्षीचा हत्ती कशेळीच्या मानाने लहान, सहा मीटरचा. पण तिथल्या गावकऱ्यांनी त्याच्याभोवती गोल भिंत घातली, बघायला उंचवटा केला. खरं सांगायचं तर मला कठडा आवडत नाही. कठडा आला की खुर्चीला दोरी आली. पण सड्यावर आजकाल फक्त माझ्यासारखे रोगी हिंडत नाहीत. चिरेखाणीची यंत्रं हिंडतात, कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे पाडले जातात, रस्त्यासाठी जेसीबी येतो. कठडा नसता तर एखादा हत्ती चिरे होऊन ट्रकात बसला असता आणि कुणाच्यातरी बंगल्याच्या कंपाउंडला कानाचा तुकडा इकडे, पायाचा तिकडे असा उभा राहिला असता. आणि जमीन मालकीची आहे, हे बाहेरून येणाऱ्या आम्हा रसिकांच्या लक्षात राहत नाही. ज्याच्या सातबाऱ्यावर गेंडा निघाला त्याला हापूस लावता येत नाही. गेंड्याला मोहोर येत नाही. त्याला 'वारसा जपा' असं सांगताना सांगणाऱ्याने आपल्या दोन खोल्यांपैकी एक रिकामी ठेवून बघावी. सरकारने अशा जमिनींचा मोबदला नीट आणि वेळेवर ठरवणं, हे कुठल्याही माहितीफलकापेक्षा जास्त कामाचं आहे, असं माझं साधं मत.

मास्तर मात्र अजून त्या प्रश्नातच अडकले होते. न बघता हत्ती काढायचा कसा. शेवटी त्यांनी आठवीच्या चित्रकलेच्या तासाला मुलांना मैदानावर नेलं, खो-खोची पट्टी आखायची फक्की हातात दिली आणि सांगितलं, अठरा मीटरचा हत्ती काढा. वर्गातल्या फळ्यावर पाठमोरा हत्ती काढता न येणारी मुलं. पहिली दहा मिनिटं नुसता आरडाओरडा. मग एक मुलगी मधोमध उभी राहिली आणि बाकीच्यांना हाका मारून चालवू लागली. "तू पाठ हायस, तू असाच जा! तू पोट, खाली ये! थांब!" फक्की तिच्या हातात नव्हतीच. सोंड पाण्याच्या नळापर्यंत गेली. शेपूट ध्वजस्तंभापाशी वळवून घ्यावी लागली, कारण तिथे रेघ मारायची नाही असा नियम आहे. रेघ पुरी होते न होते तोच, कुणी सांगितलेलं नसताना, मुलं पोटात शिरून आपापलं काढू लागली. कुत्रा, कुर्ली, एस.टी., शिपाईकाकांची सायकल. एकाने पापलेट काढला आणि त्याला डोळा देताना फार वेळ लावला.

मी मुद्दाम बघायला गेलो होतो. गच्चीवरून बघावा म्हटलं तर गच्चीची किल्ली क्लार्ककडे आणि क्लार्क पंचायत समितीत. तेव्हा हत्ती पुरा असा कुणीच बघितला नाही. हेडसर मधल्या सुट्टीत कमरेवर हात ठेवून मैदानाच्या कडेला उभे राहिले, मान तिरकी करून बघत राहिले आणि म्हणाले, "सोंड जरा..." मी मास्तरांकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी खो-खोच्या सरावात हत्ती निम्मा पुसला गेला. मास्तरांची अडचण वेगळीच आहे. घटक चाचणीचे गुण भरायचे आहेत, आणि वही नाही, कागद नाही, कुणी काय काढलं याची नोंद नाही. मधे उभ्या राहिलेल्या मुलीने तर एक रेघही मारलेली नाही. मुलांना विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो, हत्ती मीच काढला. फक्त तो पापलेटवाला म्हणतो, हत्तीचं मला माहीत नाही सर, पापलेटचे द्या.